भाताचं वाण निवडताना या चुका टाळा

मृग जवळ आला की मुरबाड-शहापूरकडून फोन सुरू होतात: "दादा, यंदा कोणतं वाण टाकू?" मी विचारतो, कुठल्या खाचरात? तिथं गडी गप्प. बियाण्याच्या पिशवीवरचा फोटो मात्र तोंडपाठ असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे शेत न बघता हळवं (लवकर पिकणारं) की गरवं (उशिरा पिकणारं) ते ठरवणं. माळावरच्या, पाणी लवकर निघून जाणाऱ्या खाचरात हळवं; वहाळाकाठी, जिथं दिवाळीतही पाय रुततो, तिथं गरवं. जुन्या माणसांना हे सांगावं लागत नव्हतं. कल्याणला नोकरी आणि शनिवार-रविवारी शेती करणाऱ्या एका पोरानं आजोबांच्या सखल, गरव्याच्या खाचरात कर्जत-३ लावलं. वाण उत्तम, माझ्याही माळावर असतं. पण ते ११०-११५ दिवसांत तयार होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं सप्टेंबरअखेर पिकलं, आणि वर पाऊस चालूच. खाचरातलं पाणी काही हटेना. भात आडवं झालं, दाणे लोंबीतच उगवले. आजूबाजूची शेतं अजून हिरवी, म्हणून पाखरंही सगळी याच्याच शेतात. एवढं होऊन दोष कुणाला, तर बियाण्याला! पुढच्या वर्षी त्यानं आणखी महागडी पिशवी आणली, तीही हळवीच.

मी दिवाळीनंतर सगळी खाचरं पायानं तुडवून येतो. कुठं ओल, कुठं भेगा, ते वहीत लिहितो. मे महिन्यात सगळी जमीन सारखीच दिसते, तेव्हा बघून काय उपयोग?

दुसरी चूक, संकरित भाताचं बी घरी धरणं. सह्याद्रीसारखं वाण पहिल्या वर्षी एकसारखं उभं राहतं, म्हणून मोह होतो. पुढच्या पिढीत गुण फुटतात: एक रोप उंच, एक बुटकं, अर्धं पिकलेलं, अर्धं दुधात. कापणी कधी करणार? दर वर्षी नवं बी घ्यायचं नसेल तर संकरिताच्या वाटेला जाऊ नका. जया, कर्जत-३ अशा सरळ सुधारित वाणांचं बी घरचं चालतं, फक्त वेगळी दिसणारी रोपं वेळीच उपटा. हा कंटाळा करणारेच पुढं "वाण बिघडलं" म्हणतात.

झिणीसारख्या उंच जुन्या भाताला जयाइतका युरिया देऊ नका, लोळेल.

खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत नेहमीचं सुधारित वाण लावू नका. तिथं काळा राता हे खारं सोसणारं जुनं भात, नाहीतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची वाणं.

दावणीला गुरं असतील तर दाण्याबरोबर पेंढाही मोजा. बुटक्या वाणाचा पेंढा कमी भरतो.

आणि जुनं बी एका फटक्यात विकून टाकू नका. नवं वाण आधी एकाच खाचरात लावून बघा. घरचं बी मात्र मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय पेरू नका: १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, तरंगेल ते कोंबड्यांना, तळाचं दोनदा धुऊन सावलीत सुकवायचं.