घरून शिवणकाम करताय? बेतताना लक्ष मोडू नये म्हणून

घरून व्यवसाय करताना लक्ष कसं टिकवायचं, यावरचे बहुतेक सल्ले लॅपटॉपवाल्यांसाठी असतात. पहाटे पाचला उठा, टेबलावर रोप ठेवा, पंचवीस मिनिटांचा गजर लावा. ब्लाऊज बेतायला, म्हणजे कापड मापाने आखून कापायला बसलेल्या बाईला तो गजर म्हणजे आणखी एक व्यत्यय. शिवणकामात आधी एवढंच ठरवायचं असतं, की कोणतं काम मध्येच टाकून उठलं तरी चालतं आणि कोणतं टाकलं की कापड वाया जातं.

१. कामं वेगळी करा. हुक, हातशिलाई, फॉल, उसवणं, इस्त्री हे सगळं कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. मशीनवरची सरळ शिलाईसुद्धा सुई कापडात रुतवून सोडता येते. बेतणं मात्र सलग वेळ मागतं. त्या वेळेत दुसरं काहीही नाही.

२. तो वेळ दिवसा काढा. डबे-शाळा आटोपल्यावर साडेदहा ते साडेबारा बहुतेक घरांत जमतं. रात्री सगळे झोपल्यावर बेतायला बसू नका. काळं आणि गडद निळं कापड दिव्याखाली सारखंच दिसतं. तुमच्याकडे दुरुस्तीसाठी ठरावीक वारी वीज जात असेल तर तो वार बेतण्यालाच द्या, कात्रीला वीज लागत नाही.

३. फोन बाजूला ठेवण्याआधी त्यातलं काम वहीत उतरवा. ‘फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला इथे अर्धाच कामाचा, कारण गळ्याचं डिझाईन फोनमध्येच असतं. ते बघायला फोन उघडला की आणखी चार जणींचे मेसेज वाचले जातात. म्हणून आदल्या दिवशीच मापवहीत गळ्याचं चित्र काढा, खोली-रुंदी इंचात लिहा आणि शेजारी कापडाचा कातरा टाचा. मग फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. शाळेचा आणि घरच्यांचा नंबर अपवादात घाला. अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याची सोय असते, ती चालू ठेवा म्हणजे धाकधूक राहत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर त्या वेळेपुरता आपोआप जाणारा मेसेज लावा: ‘आत्ता कटिंग चालू आहे, एकनंतर उत्तर देते.’

४. आता बेतणं. सगळा घोळ इथेच होतो, आणि तो हात चुकल्यामुळे क्वचितच होतो. मन दोन मिनिटं दुसरीकडे गेलं की होतो.

सर्वांत घातक चूक मायेची, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेल्या जास्तीच्या कापडाची. छाती ३६ असेल तर चौथा भाग ९, त्यात सैलपणाचा अर्धा इंच आणि वर एक इंच माया, म्हणजे घडीवर साडेदहा. मध्येच बेल वाजते, तुम्ही परत येता आणि ‘माया धरली होती का?’ हे आठवत नाही. मग ती दोनदा धरली जाते किंवा धरलीच जात नाही. दुहेरी घडीवर पाठीत अर्धा इंच चुकला की उलगडल्यावर तो एक इंच होतो, आणि पुढच्या भागातही तीच चूक गेली तर घेरात दोन इंच. त्यावर उपाय म्हणजे दोन रेघा: आत शिलाईची सलग, बाहेर कापण्याची तुटक. तुटक रेघ दिसली म्हणजे माया धरलेली आहे, आठवायची गरज नाही. बेरीजही कापडासमोर बसून करू नका, मापवहीत आधीच तयार हवी.

दुसरी चूक बाह्यांची. काठाचे तुकडे सुटे असतात, ते एकेक करून कापले की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. तुकडे सुलट बाजूला सुलट लावून, काठ जुळवून टाचा आणि दोन्ही एकदमच कापा.

खडू आणि कात्री एकाच दमात चालवू नका. चार-पाच ब्लाऊजची आखणी आधी करा, मग उठा, पाणी प्या, परत येऊन प्रत्येक माप टेपने वहीशी ताडा आणि मगच कात्री हातात घ्या. हात बसलेल्या बायका हे सोडतात आणि अस्तर परत आणायला दुकानात जातात. कापायला घेतलेला तुकडा संपवल्याशिवाय उठायचं नाही. दूध उतू जात असेल आणि उठावंच लागलं, तर चिठ्ठी टाचा: ‘पाठ झाली, पुढे मुंढा (बाही जोडायची गोलाई).’

५. दार. फोन बंद करता येतो, शेजारीण बंद करता येत नाही. ‘आलेच आहे तर माप घेऊन टाक’ आणि ‘फक्त एक टाका मारून दे’ ही दोन वाक्यं सकाळ खातात. दारावर पाटी लावा: ‘माप व डिलिव्हरी सायंकाळी ५ ते ७’. बाहेर एक खिळा मारा, म्हणजे कापडाची पिशवी नाव-नंबर लिहून अडकवता येईल. नात्यातल्या बाईला पाटी दाखवू नका, वाईट दिसतं. ‘काकू, पाचला या, निवांत चहा घेऊ आणि माप नीट घेते’ असं म्हणा आणि कात्री हातातच ठेवा. पण सूट कुणालाही नको. एकीचं माप साडेअकराला घेतलंत की सोसायटीभर कळतं.

६. तारीख देताना त्यातही माया ठेवा, निदान दोन दिवसांची. गौरी-गणपती आणि लग्नसराईत चार दिवसांची. उद्याच द्यायचं असलेलं कापड समोर असलं की आखणी ताडायची पायरी पहिली गळते.

७. संध्याकाळी उद्याची कापडं दोऱ्याच्या रंगाप्रमाणे लावा, बॉबिन भरून ठेवा आणि सुती अस्तर भिजवून वाळत घाला. बेतण्याची घडी मात्र रात्रीच घालून ठेवू नका. सकाळपर्यंत काठ सरकतो आणि पहिली पंधरा मिनिटं तो जुळवण्यातच जातात.