घर ते ऑफिस: मॉडेलमधली शून्यं

लोक कामाला किती लांब जातात, हा विषय प्रोजेक्टला घेतला तेव्हा भीती गणिताची होती. गणित महिन्याभरात जमलं. मी अडकले शून्यावर.

सुरुवात सगळे ग्रॅव्हिटी मॉडेलनेच करतात, तुम्हीही करा. शहराचे विभाग पाडायचे आणि एका विभागातून दुसऱ्यात किती लोक कामाला जातील याचा अंदाज काढायचा: इथले कामगार गुणिले तिथल्या नोकऱ्या, भागिले अंतराचा कुठला तरी घात. अंतर मोजतात विभागांच्या मध्यबिंदूंमध्ये. आता घर आणि काम एकाच विभागात असलं तर? अंतर शून्य, आणि ते छेदात. प्रोग्रॅम बोंबलला म्हणून मी त्या ओळीच उडवल्या. म्हणजे नेमके घराजवळ काम करणारेच गेले! सरासरी अंतर फुगलं आणि मी ते आकडे ऐटीत गाइडना दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या शहरात चालत कामाला कोणीच जात नाही का?"

यावर तोडगा साधा आहे. चौरसात कुठेही दोन बिंदू टाकले तर त्यांच्यातलं सरासरी अंतर बाजूच्या साधारण ०.५२ पट येतं. म्हणून विभागाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढून त्याच्या निम्मं धरा. अगदी अचूक नाही, पण शून्यापेक्षा शंभर पट बरं.

दुसरं शून्य असतं ते माणसांचं. विभागांच्या बऱ्याच जोड्यांमध्ये ये-जा करणारं कोणीच नसतं. मॉडेल डेटावर बसवताना सहसा माणसांच्या आकड्याचा लॉग (लॉगरिदम) घेतात, आणि शून्याचा लॉग निघत नाही. तिथे १ मिळवून वेळ मारून नेऊ नका, पॉयसन रिग्रेशन वापरा; ती मोजणीच्या आकड्यांसाठीची पद्धत आहे, तिला शून्य चालतं.

मला स्वतःला रेडिएशन मॉडेल जास्त पटतं. ते २०१२ मध्ये आलं, पण मुळातला विचार समाजशास्त्रज्ञ स्टाउफरने १९४० मध्येच मांडला होता: माणूस किलोमीटर मोजत नाही, वाटेत किती संधी सोडाव्या लागतात ते बघतो. यात डेटावरून बसवायचा एकही गुणांक नाही. शहराच्या आतल्या छोट्या अंतरांना मात्र ते बऱ्याचदा फसतं.

आणि मॉडेलला हात लावायच्या आधी हिस्टोग्राम, म्हणजे किती अंतरावर किती जण जातात याचा स्तंभालेख, काढा. सर्व्हेत लोक अंतर अंदाजाने सांगतात, त्यामुळे ५, १०, १५ किलोमीटरवर सुळके दिसतील. तो शहराचा गुण नाही, माणसाच्या सवयीचा आहे. माझ्या डेटात तर एक जण रोज ४१२ किलोमीटर जात होता. आठवडाभर त्याच्यावर डोकं खपवल्यावर कळलं, त्याने कामाचा पत्ता म्हणून कंपनीच्या हेड ऑफिसचा लिहिला होता.