जुना पीसी भंगारातून घरी आणलाय? प्लग लावण्याआधी या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याच्या ऑफिसातला ३८६ (३८६ प्रोसेसरचा जुना पीसी) मला मिळाला, तेव्हा तो घरी आणून पाच मिनिटांत मी प्लग लावला होता. मालक म्हणाले होते, "चालू होता हो, चालूच ठेवून दिलाय." ते खरंही असेल, पण मधे अठरा वर्षं गेली होती. बटण दाबलं, एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) पंखा फिरलाच नाही, थोड्या वेळाने आतून फट्‌ असा आवाज आला आणि खोलीभर जळका वास पसरला. नंतर उघडून पाहिलं, तर सुताचे बारीक तंतू आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर गादीसारखा थर बसला होता. एसएमपीएस गेला तो हार्ड डिस्क घेऊनच गेला. त्या ४० एमबीच्या डिस्कवर कारखान्याच्या जुन्या चादरींच्या डिझाइनची नोंदवही होती. ती कागदावर कुठेच नव्हती. मला त्याची हळहळ अजून वाटते.

त्यानंतर बरीच यंत्रं हाताखालून गेली आणि माझं मत पक्कं झालं. तीस-पस्तीस वर्षं कपाटावर तग धरलेला पीसी आपण घरी आणल्यावर पहिल्या तासात मरतो, आणि त्याला कारण आपली घाई असते.

प्लग लावतानाच्या चुका

आधी कव्हर काढा. आपल्याकडची यंत्रं मागांच्या कारखान्यातून, आडतीतून, छापखान्यातून येतात. आत सूत असतं, कागदाची भुकटी असते, पाली आणि झुरळंही असतात. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, मात्र ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं.

नातेवाइकांनी परदेशातून आणलेलं यंत्र असेल तर मागचं सरकतं लाल बटण बघा. त्यावर ११५ दिसत असेल तर ते २३० वर न्यायचंच. ११५ च्या जागी सप्लाय व्होल्टेज आतल्या आत दुप्पट करतो, त्यामुळे आपली लाइन जोडली की इनपुटचे मोठे कॅपॅसिटर फुटतात.

पहिल्यांदा लाइन द्यायची ती सिरीज बोर्डातून. एक होल्डर, एक सॉकेट आणि ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब एवढंच लागतं, कोणताही वायरमन बनवून देतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बामुळे तुमचा सप्लाय वाचला.

एसएमपीएस मोकळा चालवून व्होल्ट मोजण्याची चूक तर सगळेच करतात. जुन्या एटी सप्लायला (२८६ ते ४८६ च्या काळातल्या पीसीच्या सप्लायला) ५ व्होल्टच्या लाइनवर भार लागतो. तो नसेल तर काही सप्लाय चालूच होत नाहीत, काही भलतेच आकडे दाखवतात, आणि चांगला सप्लाय भंगारात जातो. लाल आणि काळ्या तारेत ५ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला की १ अँपिअरचा भार मिळतो. तो चांगलाच तापतो, म्हणून फरशीवर ठेवा. मग लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत.

सप्लाय असा नीट चालतो, पण बोर्ड (मदरबोर्ड) जोडताच बंद पडतो असं झालं तर संशय सप्लायवर घेऊ नका. बोर्डावर थेंबाच्या आकाराचे टँटलम कॅपॅसिटर असतात, ते वर्षानुवर्षं पडून राहिले की शॉर्ट होतात. १९८१ च्या आयबीएम पीसीवर आणि नंतरच्या एक्सटी या मॉडेलवर हा दोष नेहमी सापडतो. सप्लाय काढून पिवळी लाइन आणि ग्राउंड यांच्यात मल्टीमीटरने मोजा. जवळजवळ शून्य ओहम दाखवलं तर शॉर्ट आहे.

आता दोन जोडण्या, ज्यात अंदाज चालत नाही. बोर्डाला जाणारे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर उलटेही बसतात, म्हणून दोन्हींच्या काळ्या तारा मधे, एकमेकींना खेटून आल्या पाहिजेत. दुसरी जोडणी कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची. एटी पीसीत त्या बटणात थेट २३० व्होल्ट येतात. त्याच्या चार तारा काढून परत चुकीच्या जागी लावल्या तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात. तारा काढण्याआधी फोटो घ्या, आणि काढायची गरज नसेल तर हातच लावू नका.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार पेठांमधल्या जुन्या घरांतून वारंवार ऐकतो. तिथे तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंग नुसतं नावाला. एसएमपीएसमधल्या फिल्टर कॅपॅसिटरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो, आणि अर्थ नसेल तर तो तिथेच राहतो. सप्लाय बदलून हे जात नाही. आधी अर्थिंग करून घ्या, मग छंद.

आणि सीआरटी मॉनिटर उघडू नका. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज टिकून राहतो. टीव्ही दुरुस्तीत आयुष्य घालवलेला माणूस शेजारी बसवून शिकायची ही गोष्ट आहे.

बॅटरी, आणि सोड्याचा गैरसमज

२८६ ते ४८६ पर्यंतच्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक निळी किंवा हिरवी, पिंपासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी असते. ती निकेल-कॅडमियमची. ती फुटली की आजूबाजूला हिरवट-निळी बुरशीसारखी खपली धरते, आयसीचे पाय काळे पडतात, आणि नाक जवळ नेलं तर उग्र वास येतो. फुटलेली दिसली नाही तरीही पहिल्या दिवशी कापून काढा. यात दुसरा विचार नाही.

चूक पुढे होते. "बॅटरी म्हणजे ॲसिड" हे आपल्या डोक्यात गाडीच्या बॅटरीमुळे बसलंय, म्हणून लोक त्यावर खाण्याचा सोडा चोळतात. या बॅटरीतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, ते अल्कली आहे, आणि सोडाही अल्कलीच. त्याने काहीच निवत नाही. इथे ॲसिड लागतं: किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर. जुना टूथब्रश त्यात बुडवून फक्त त्या भागावर हळू घासा. फेस येईल, मग हिरवा रंग विरघळून पाण्यात उतरेल. फेस थांबेपर्यंत दोन-तीनदा करा आणि मग व्हिनेगर पूर्ण धुऊन काढा.

धुवायचं कशाने? बोअरच्या पाण्याने नाही. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते बादलीच्या कडेवरच्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तोच थर चिपांच्या पायांमध्ये बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच वापरा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा आणि दोन दिवस पंख्याखाली उभं ठेवा. मे महिन्यात गच्चीवर नको.

साफ झाल्यावर बोर्ड सुंदर दिसतो, आणि तिथेच फसायला होतं. हिरव्या लेपाखाली तांब्याच्या रेषा तुटलेल्या असतात. मल्टीमीटर बीपवर ठेवून बॅटरीजवळची प्रत्येक रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. ज्या ३८६ वर मी हे पहिल्यांदा नीट केलं, त्यात कीबोर्ड कंट्रोलरच्या चिपला जाणाऱ्या सहा रेषा गेल्या होत्या. वरून एकही दिसत नव्हती. जोडायला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची ३६ नंबरची इनॅमलची तार घ्या. मागांच्या मोटारी बांधणारी दुकानं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, हातभर तारेचे ते पैसेही घेत नाहीत. टोकांवरचं इनॅमल ब्लेडने खरवडा, टिन लावा, मग डाग द्या (सोल्डर करा).

काढलेल्या बॅटरीच्या जागी बटण सेल सरळ डागू नका. बोर्ड त्या जागी चार्जिंग देतो आणि लिथियमचा सेल चार्ज केला तर फुटू शकतो. मधे डायोड हवाच. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. तिथे तीन पेन्सिल सेलचं होल्डर डायोडसह लावून कॅबिनेटच्या तळाशी बसवलं, की पुढे कधी गळलं तरी बोर्ड सुरक्षित राहतो.

चालू होतं, पण स्क्रीन काळी

इथे स्पीकर जोडून बीप मोजा. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला, पीसी चालू करणारा प्रोग्रॅम; एएमआय आणि अवॉर्ड हे त्याचे दोन प्रकार. एएमआय बायोसचे तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी मेमरीत दोष. अवॉर्डचा एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्ड. ३८६ डीएक्सला ३० पिनांच्या रॅम चार-चारच्या गटात लागतात. एक चांगली रॅम लावून "बोर्ड मेलाय" असं ठरवणारे मी पाहिलेत.

रॅमचे पाय खोडरबराने घासायची आपली दुकानांतली सवय वाईट नाही, फक्त शाईचा खरखरीत रबर वापरू नका, त्याने सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. पांढरा मऊ रबर, दोन हात, मग अल्कोहोलने पुसणं.

कॅपॅसिटर सरसकट बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ बघून लोक चांगले कॅपॅसिटरही उपटतात. ४८६ चे बोर्ड अनेक थरांचे असतात, ग्राउंडचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, स्वस्त आयर्नने डाग वितळत नाही, मग जोर लावला जातो आणि पॅडच निघून येतं. फुगलेला, गळालेला, शॉर्ट असलेला बदला. बाकीचे राहू द्या. अपवाद पॉवर सप्लायमधल्या लाइन फिल्टरच्या पिवळट पारदर्शक कवचाच्या कागदी कॅपॅसिटरचा. त्यांना तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि लाइन दिल्यावर ते धूर सोडून फुटतात. १९८४-८५ पासून सरकारच्या 'क्लास' या संगणक शिक्षणाच्या प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले होते. त्यातला एखादा हाती आला तर प्लग लावण्याआधी हे बदलाच.

सोलापूरचं ऊन

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उजळतं. केस रंगवायच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं क्रीम डेव्हलपर चालतं. पण परदेशी व्हिडिओतले चार-पाच तास इथे लावू नका. एप्रिलच्या उन्हात क्रीम बघता बघता वाळतं आणि वाळेल तिथे कायमचे पांढरे पट्टे उठतात. पातळ कव्हर तर वाकडंच होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, दर अर्ध्या तासाने फिरवा. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

डिस्क: इथे घाई सगळ्यात महाग पडते

पीसी चालू झाला की आनंदात लोक स्कॅनडिस्क किंवा डीफ्रॅग लावतात. दोन्ही डिस्कवर लिहितात. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

बॅटरी मेली की बायोस हार्ड डिस्कचे आकडे विसरतो. डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर वाचून बायोसच्या सेटअपमधल्या टाइप ४७ मध्ये (आकडे स्वतः भरायच्या जागी) भरा. डिस्क पूर्वी वेगळ्या आकड्यांवर फॉरमॅट केलेली असू शकते, म्हणून डिरेक्टरी नीट दिसेपर्यंत काहीही सेव्ह करू नका. यूएसबी ॲडाप्टरला डिस्क दिसली नाही म्हणून ती मेली असंही समजू नका. ९० च्या सुरुवातीच्या डिस्कना एलबीए (सेक्टर सरळ क्रमांकाने शोधायची पद्धत) येत नाही आणि बहुतेक ॲडाप्टरना फक्त तेच कळतं. जुन्या बोर्डाच्या आयडीई पोर्टवर लावा आणि एमएस-डॉस ६ मधल्या इंटरलिंकने केबलवरून फाइली उतरवा. नंतर डिस्कच्या जागी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड बसवायचं असेल तर लक्षात ठेवा, जुन्या बायोसची हद्द ५२८ एमबीची आहे. मोठं कार्ड लावलं तरी पुढचा भाग वाया जातो.

५.२५ इंची फ्लॉपीबद्दल एकच सांगतो. ३६० केबीची जुनी फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचा, पण तिच्यावर लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, जुन्या ट्रॅकच्या कडा तशाच राहतात आणि मग मूळ ड्राइव्हला ती फ्लॉपी धड वाचता येत नाही.

शेवटी मराठी फाइली. डॉसवर जिस्ट कार्डाने (भारतीय लिप्या दाखवणाऱ्या कार्डाने) लिहिलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असतो, १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ म्हणून प्रमाण झाला. विंडोजवरच्या डीटीपी पॅकेजांचा मजकूर प्रत्येकाच्या आपापल्या फॉन्टात. आजच्या नोटपॅडमध्ये दोन्ही कचऱ्यासारखे दिसतात आणि लोक "करप्ट" म्हणून पुसतात. फाइलींबरोबर फॉन्टची डिरेक्टरीही उचला, आणि मागच्या पॅरलल पोर्टला लावलेला डाँगल (पॅकेजची चावी असलेली छोटी डबी) कधीही फेकू नका. तो नसेल तर पॅकेज उघडतच नाही.

साखर पेठेतल्या एका छापखान्याचा ४८६ मला डाँगलशिवाय मिळाला. दोनदा विचारून आलो, सापडला नाही. तिसऱ्या खेपेला घरातल्या काकूंनी शिवणाचा डबा उपडा केला, तेव्हा तो बटणांमधून निघाला. "हे काय आहे म्हणून विचारलं नाही कधी, पण टाकवलंही नाही," म्हणाल्या. लावला आणि पहिली फाइल उघडली ती गड्ड्याच्या जत्रेतल्या एका स्टॉलच्या हँडबिलाची, जोडाक्षरांसकट जशीच्या तशी. अशी फाइल दिसली की विंडोजमध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, पोर्ट म्हणून 'फाइल' निवडा आणि प्रिंट द्या. ती फाइल नव्या मशीनवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ होते, मग डाँगल लागत नाही की फॉन्टही लागत नाही. त्या छापखान्याच्या चारशेवर फाइली अशा काढून पेन ड्राइव्हमध्ये काकूंना दिल्या, आणि डाँगल ४८६ च्या मागे तारेने बांधून ठेवला.