स्वस्त तिकिटाच्या नादात: न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

एडिसनला येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच मनात परतीचा हिशेब सुरू होतो. गादी अजून जमिनीवर, स्वयंपाकघरात दोन पातेली आणि एक तवा, आणि रात्री जेवण झालं की फोनवर चाळा एकच: नुआर्क ते मुंबई, डिसेंबर, किती? मीही तेच करत होते. आता मला इथे अठरा वर्षं झाली, आणि आमच्या संकुलात नवीन कुटुंब आलं की किराणा कुठे मिळतो याच्या पाठोपाठ तिकिटाचा प्रश्न माझ्याकडे येतो. दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

माझा नियम साधा आहे. भाव बघायचा शोध-साइटवर, तिकीट काढायचं शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर. दोन्हींतला फरक वीस-पंचवीस डॉलरचा असेल तर विचारसुद्धा करू नका. दोनशेचा असेल तर करा, पण खालचं वाचून.

शोधण्यासाठी मी गूगल फ्लाइट्सपासून सुरुवात करते. महिन्याच्या कॅलेंडरवर रोजचा भाव दिसतो, त्यामुळे शुक्रवारऐवजी मंगळवारी निघालं तर किती वाचतील हे एका नजरेत कळतं. भावावर पाळत ठेवायची सोय आहे, भाडं बदललं की ईमेल येतो. मग कायाक, स्कायस्कॅनर बघते. मात्र पाच ठिकाणी भाव विचारला म्हणजे पाच दुकानदार झाले असं समजू नका. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन आणि कायाक एकाच कंपनीचे. एक्सपीडिया, ऑर्बिट्झ, ट्रॅव्हलोसिटी, हॉटेल्स डॉट कॉम दुसऱ्या एकाच घरातले. सख्ख्या भावांची दुकानं शेजारी-शेजारी असावीत तसा प्रकार.

खासगी विंडो उघडून शोधलं की स्वस्त मिळतं, मंगळवारी मध्यरात्री काढलं की स्वस्त मिळतं, असले सल्ले तुम्हाला ऑफिसात मिळतील. मला त्यातून कधी काही मिळालं नाही. खरा उपयोग झाला तो वेगळ्या युक्तीचा. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. तुम्ही चार जणांसाठी शोधलंत आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरच्या गटाचा भाव दिसतो. म्हणून आधी एकट्यासाठी शोधा, मग चौघांसाठी. माणशी भाव वेगळा आला तर दोन-दोन तिकिटं वेगळी काढा. मुलं लहान असतील तर प्रत्येक तिकिटावर एक मोठं माणूस हवं, एवढं लक्षात ठेवा.

हंगामाचं गणित कुणाला चुकलेलं नाही. जूनच्या शेवटी इथल्या शाळा सुटतात आणि भाडी आभाळाला टेकतात, डिसेंबरच्या मध्यापासून पुन्हा तेच. पण सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे झाला, मुलं शाळेत गेली, की भाव उतरतात. गणपती सप्टेंबरात आले की शाळेत जाणारी मुलं नसलेल्यांची चंगळ. फेब्रुवारीही बरा. आम्ही लग्नानंतरची पहिली चार वर्षं फेब्रुवारीतच जात होतो, सासूबाई म्हणायच्या, ना सण ना सुट्टी, ही कसली वेळ यायची!

आता खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते बघा. यादीत सगळ्यात वर दिसणारं तिकीट बहुतेकदा तिथे का आहे, ते त्या अक्षरांत असतं. एक, बॅगा. अमेरिका-भारत म्हटलं की २३ किलोच्या दोन बॅगा हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. हल्ली सगळ्यात स्वस्त भाड्यात कित्येकदा एकच बॅग असते. दुसरीचे पैसे वेगळे भरले की स्वस्ताई संपली, आणि जाताना नाही तरी येताना आई लोणचं, मेतकूट, चकलीची भाजणी देणारच. दोन, ‘सेल्फ ट्रान्स्फर’ असं लिहिलेलं तिकीट. ही खरं तर दोन वेगळी तिकिटं एकत्र दाखवलेली असतात. मधल्या विमानतळावर बॅगा घेऊन, बाहेर पडून, पुन्हा चेक-इन करायचं. त्या देशाचा व्हिसा नसेल तर बाहेर पडणार कसे? आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही.

व्हिसाचं निघालंच आहे तर एच-वनवाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी, नीट ऐका. पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का संपलाय, नुसता आय-७९७, म्हणजे मंजुरीचा कागद, हातात आहे आणि नवा शिक्का भारतात जाऊन घेणार आहात, अशा वेळी युरोपमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. ज्या देशात विमान बदलणार त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर आधी बघा. दुबई, दोहा, अबू धाबी इथे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला आपल्याला व्हिसा लागत नाही. नाहीतर सरळ विमान घ्या आणि झोपून जा.

माझी स्वतःची ठेच सांगते. भावाच्या लग्नाला जाताना एका नाव न ऐकलेल्या एजंट साइटवर साठ डॉलर स्वस्त तिकीट मिळालं. महिनाभराने विमान कंपनीने वेळ बदलली, मधला थांबा वीस मिनिटांवर आला. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तिकीट एजंटचं आहे, बदल तोच करेल. एजंटने दोन तास संगीत ऐकवलं आणि दीडशे डॉलर मागितले. मी दिले, कारण हळदीला पोचायचं होतं. वेळ बदलली होती कंपनीने, तेव्हा मी पैसे द्यायचं काहीच कारण नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.

थेट कंपनीकडून काढायचा आणखी एक फायदा अमेरिकी नियमात आहे. तिकीट काढताना विमान सुटायला सात दिवस किंवा अधिक असतील तर विमान कंपनीने एकतर २४ तास भाव धरून ठेवायचा, नाहीतर २४ तासांत तिकीट रद्द केल्यास पूर्ण पैसे परत द्यायचे. नियम विमान कंपनीला आहे, एजंटला नाही. काही एजंट स्वतःहून देतात, पण ते पैसे भरण्याआधी वाचून घ्या.

तरी एजंटकडून काढलंतच, तर सहा अक्षरी पीएनआर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पीएनआर म्हणजे नोंद. तिकीट म्हणजे तेरा आकडी नंबर, त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतारचे १५७. तो नंबर आला का बघा आणि विमान कंपनीच्या साइटवर जाऊन बुकिंग दिसतंय याची खात्री करा. कस्टमर केअरचा नंबर कधीही गूगलवर शोधून फिरवू नका. तिथे ठग बसलेले असतात. नंबर कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

आई-बाबांचं तिकीट हा वेगळाच अध्याय. मुंबईहून सुरू होणाऱ्या परतीच्या तिकिटाचा भाव इथून सुरू होणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे भारतीय साइटही बघा. गंमत म्हणजे मेकमायट्रिप २००० साली सुरू झाली ती तुमच्या-आमच्यासारख्या अमेरिकेतल्या भारतीयांसाठीच, भारतात तिकिटं विकायला तिने नंतर सुरुवात केली. नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, तेही लिहायचं. तिकिटावर दोन्ही नावं चिकटून एक लांबलचक शब्द छापला जातो, त्याने घाबरू नका. व्हीलचेअर फुकट मिळते, तिकीट काढतानाच मागा. बाबा नको म्हणतील, तरी मागा. पुढे गोव्याला जाणार असतील तर दाबोळी की मोपा, आणि आता मुंबई की नवी मुंबई, हे विमानतळाच्या नावासकट तपासा. मुंबईच्या एका विमानतळावर उतरून पुढचं विमान दुसऱ्यावरून असेल तर टॅक्सीत बसून देवाचं नाव घ्यावं लागेल.

हॉटेलांचं थोडक्यात. आल्या-आल्या तुमच्याकडे क्रेडिट कार्ड नसतं, आणि डेबिट कार्ड दिलं की हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून खात्यातली रक्कम काही दिवस अडकवतात. पहिल्या पगाराआधी ते झोंबतं, तेव्हा विचारून घ्या. मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीचे शुल्क धरून एकूण भाव दाखवावा लागतो, पण पार्किंग ऐच्छिक म्हणून त्यात धरलेलं नसतं, आणि मॅनहॅटनमध्ये ते खोलीच्या भाड्याला लाजवेल इतकं असू शकतं. प्राइसलाइनवर हॉटेलचं नाव न सांगता स्वस्तात खोली देतात. जोडपं असाल तर मजा आहे, पण ते पैसे परत मिळत नाहीत, आणि आई-बाबा, दोन मुलं बरोबर असताना हा जुगार नको. फुकट रद्द करता येणारी खोली घ्या, आणि जायच्या आठवड्यात पुन्हा भाव बघा. उतरला असेल तर नवीन घ्या, जुनी सोडा.

आणि नायगारा. तुम्ही जाणारच, आई-बाबा आले की सगळेच जातात. नायगारा फॉल्स नावाची दोन शहरं आहेत, नदीच्या अलीकडे न्यूयॉर्कमध्ये एक, पलीकडे कॅनडात ओंटारिओमध्ये दुसरं. धबधबा समोर दिसणारी देखणी हॉटेलं बहुतेक पलीकडची, आणि साइट दोन्ही एकाच यादीत दाखवते. आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा नसतो. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका घराचे दोन रात्रींचे पैसे असेच गेले. पत्ता शेवटपर्यंत वाचा, मगच कार्डाचा नंबर टाका.