खान्देशातल्या डीएनए नमुन्यांवरून नातं काढताना

दोन माणसांचं नातं किती जवळचं हे सांगणारे दोन आकडे, प्लिंक या सॉफ्टवेअरचा पाय-हॅट आणि किंग या सॉफ्टवेअरचा किनशिप (नात्याचा) गुणांक, वेगळे, हे तुम्हाला माहीत असेलच. सख्ख्या भावंडांना पहिल्यात साधारण 0.5 येतं, दुसऱ्यात 0.25. पुढे जाऊ.

खरा फास अलीलच्या (डीएनएवरच्या एका जागी आढळणाऱ्या पर्यायी रूपाच्या) वारंवारतेत आहे. नंदुरबारचे पावरा, धुळ्याचे भिल्ल, जळगावचे लेवा पाटील, सगळे एकाच फाइलीत घालून पाय-हॅट काढला की एकाच समाजातली परकी माणसंही चुलत-मावस भावंडं निघतात. कारण प्लिंक वारंवारता त्या मिश्र फाइलीतूनच मोजतो. समजा एखादं अलील पावऱ्यांत सर्रास आहे, बाकीच्यांत क्वचित. मिश्र फाइलीत ते दुर्मिळ ठरतं. मग ते दोन पावऱ्यांकडे दिसलं की गणिताला वाटतं, इतकं दुर्मिळ अलील दोघांकडे, म्हणजे पूर्वज जवळचाच. प्रत्यक्षात ते त्यांच्या पाड्यात घरोघरी असतं. असे हजारो मार्कर (डीएनएवरच्या तपासलेल्या जागा) मिळून नसलेलं नातं उभं करतात. या आकड्यांपुढे मी फार रात्री घालवल्या आहेत, म्हणून इतकं लांबण लावतोय.

वारंवारता समाजवार काढा, नमुने पुरेसे असतील तर. नाहीतर 2010 साली आलेली किंग-रोबस्ट पद्धत वापरा, तिला समाजाची वारंवारता लागतच नाही. भिन्न समाजांतल्या जोडीला उणे आकडा येईल. घाबरू नका, तिथे नातं नाही एवढंच समजा. आणि किंगसाठी एलडी प्रूनिंग (सोबतच वारशाने येणारे शेजारचे मार्कर गाळणं) करू नका.

‘पाय-हॅट 0.1875 च्या वर असलेल्या जोडीतला एक उडव आणि मोकळा हो’ म्हणणारे मार्गदर्शक भेटतील. पाड्यापाड्यांत फिरून मिळवलेले नमुने असे फेकायचे नसतात. अशांकडून कोडिंग शिका, नातं ओळखणं नको.

साटंलोटं झालेल्या घरांत तर आकडा एकटा काही सांगत नाही. अशा दोन जोडप्यांची मुलं दोन्हीकडून मामे-आते भावंडं. त्यांचा किनशिप गुणांक 0.125, म्हणजे मामा-भाच्याइतकाच. फरक डीएनएच्या तुकड्यांत दिसतो: अशा दुहेरी भावंडांच्या डीएनएचा सरासरी सोळावा भाग आई आणि बाप दोघांकडून जुळतो, मामा-भाच्याचा एरवी नाही. म्हणून नमुना घेतानाच घरातल्या म्हातारीला तिच्या बोलीत विचारा, कोणाची सोयरीक कुठे झाली, आणि वंशावळ तिथेच काढा. एवढं करूनही किनशिप गुणांक 0.0625 च्या आसपासच्या जोड्या सुटणार नाहीत. त्या मुरलेल्या माणसांनाही सुटत नाहीत, तिथे ‘अनिश्चित’ लिहायला कचरू नका.