प्लास्टिकचा स्ट्रेनर: बसवायचा कसा, उघडायचा कसा आणि पाइप पाना लांब का ठेवायचा

स्ट्रेनर (पाइपलाइनमधला कचरा जाळीनं अडवणारा डबा) गळायला लागला की आजूबाजूला उभा असलेला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "अजून थोडा आवळ". लोखंडी स्ट्रेनरवर हात बसलेला माणूस प्लास्टिकवर तोच हात चालवतो, थेंब थांबत नाही म्हणून अजून अर्धा फेरा देतो, आणि मग आठवड्यानं रात्रपाळीला बॉडी उभी चिरते. प्लास्टिकची गळती जोरानं बंद होत नाही. का होत नाही आणि त्याऐवजी काय करायचं ते पुढे सविस्तर लिहिलंय. पाइप कापणं, कडा घासणं, सपोर्ट मारणं हे येतं असं धरून चालतो.

बॉडी कुठल्या प्लास्टिकची आहे ते आधी बघा. पीव्हीसी ६० अंश सेल्सिअसपर्यंत, पॉलिप्रॉपिलीन साधारण ८० पर्यंत, सीपीव्हीसी ९० च्या आसपास आणि त्याहून गरम किंवा फारच जहाल केमिकल असेल तर पीव्हीडीएफ. पण खरी गोम वेगळीच आहे. बॉडीवर १० बार किंवा १५० पीएसआय लिहिलेलं असतं ना, ते २३ अंशाच्या आसपासच्या साध्या पाण्यासाठी असतं. पीव्हीसी पाइपचं नेहमीचं गणित बघा, ३८ अंशाला ६२ टक्के प्रेशर झेपतं, ४९ ला ४० टक्के आणि ६० ला जेमतेम २२ टक्के. स्ट्रेनरला कंपनीचा स्वतःचा तक्ता असतो, तो मागून घ्या, पण उतार असाच असतो. "६० अंश चालतं" आणि "१० बार चालतं" ही दोन्ही वाक्यं वेगवेगळी खरी आहेत, एकत्र खोटी.

ओ-रिंगचं, म्हणजे जोडाला सील करणाऱ्या गोल रबरी रिंगेचं, पण तसंच, मटेरियल बघूनच घ्यायची. कॉस्टिकला ईपीडीएम, तेलकट लाइनला व्हायटॉन (दोन्ही रबराचेच प्रकार), आणि बाकी केमिकलसाठी तक्ता बघून ठरवायचं. दोन्ही रिंगा बहुतेक वेळा काळ्याच असतात आणि डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, म्हणून स्टोअरमध्ये वेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा, एका डब्यात टाकू नका.

जाळी. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं, आकडा मोठा तितकी जाळी बारीक. २० मेशचं भोक साधारण ८४० मायक्रॉन, ४० मेश ४०० च्या आसपास, १०० मेश १५०. लोकांना वाटतं जितकी बारीक तितकी चांगली. अहो, स्ट्रेनरचं काम पंप, नोझल, फ्लोमीटर वाचवणं आहे, पाणी गाळून स्वच्छ करणं नाही, त्याला फिल्टर लागतो. पुढच्या मशीनला जेवढा कण त्रास देतो त्याच्यापेक्षा थोडी बारीक घ्या आणि थांबा. पंपाच्या सक्शनला तर हात आवरून, जाडी जाळी आणि ऐसपैस बॉडी, नाहीतर जाळी थोडी चोंदली की पंप उपाशी राहतो, कॅव्हिटेशन (पंपात बुडबुडे होऊन फुटणं) सुरू होतं आणि तुम्ही पंपाचा इंपेलर बदलत बसता.

दिशा: बॉडीवरचा बाण फ्लोच्या दिशेनं. वाय स्ट्रेनर इंग्रजी Y सारखा असतो, त्याचा पाय, म्हणजे जाळी असलेली तिरकी नळी, खाली. उभ्या लाइनमध्ये फ्लो वरून खाली असेल तरच वाय लावा, खालून वर जाणाऱ्या लाइनमध्ये लावलात तर पंप बंद झाला की अडवलेला सगळा कचरा परत लाइनमध्ये गळून पडतो. बास्केट स्ट्रेनर (टोपलीसारख्या जाळीचा) आडव्या लाइनवर, कव्हर वर. आणि वाय स्ट्रेनरच्या पायाखाली जाळी पूर्ण बाहेर निघेल एवढी जागा सोडा, शिवाय बादली मावली पाहिजे. जमिनीपासून चार बोटांवर पाय आणून ठेवलेले स्ट्रेनर बघितलेत, जाळी अर्धी निघते आणि फरशीला टेकते, मग साफसफाई कायमची "पुढच्या शटडाऊनला". दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना गेज, खाली ड्रेन. वजन पाइपवर लोंबकळत ठेवू नका, दोन्हीकडे सपोर्ट द्या.

जोडणी कशी करायची यावर माझं मत ठाम आहे, जमेल तिथे युनियन (नट सोडून उघडता येणारा जोड) किंवा फ्लँज (बोल्टनं आवळायची चकती), आट्यांची जोडणी नाइलाजानंच. युनियनवाल्यात सोल्युशन (पाइप चिकटवायचा सॉल्व्हंट सिमेंट) लावायच्या आधी युनियनची टोकं बॉडीपासून सोडून बाजूला काढा, नाहीतर जास्तीचं सोल्युशन ओघळून ओ-रिंगवर जातं आणि युनियन कायमची चिकटते. पॉलिप्रॉपिलीनला सोल्युशन लागतच नाही, तिथे फ्यूजन वेल्डिंग, म्हणजे उष्णतेनं वितळवून जोडणं. फ्लँजला पूर्ण तोंडाचं गॅस्केट, बोल्टच्या दोन्ही बाजूंना वॉशर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं. समोर मेटलचा मधे उचललेल्या तोंडाचा फ्लँज असेल तर प्लास्टिकचा फ्लँज कडेला वाकून तडकतो, तिथे सपाट तोंडाचाच हवा.

आट्यांचीच जोडणी असेल तर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे, हातानं बसेपर्यंत आणि मग पान्यानं एक, फार तर दीड फेरा. बस्स. पाइपचे आटे निमुळते असतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला आतला तुकडा पाचरीसारखा बाहेरच्याला फाकवत जातो. लोखंड ते सोसतं. प्लास्टिक त्या क्षणी काही बोलत नाही पण ताण धरून बसतं आणि कधीतरी आट्याच्या तळातून लांबीच्या दिशेनं चिरतं. म्हणून प्लास्टिकच्या फिमेल आट्यात मेटलचा निप्पल घालू नका, धागा-सफेदा तर अजिबात नको.

आता कव्हर. सगळ्यात जास्त डोकं इथंच खपतं, कारण जोडणी एकदाच करायची असते आणि कव्हर मात्र जन्मभर उघडायचं-लावायचं असतं. मला यातलं तंत्र हाताला लागायला बराच काळ गेला, आणि कोणी नीट सांगितलं असतं तर एवढा गेला नसता.

उघडण्यापासून सुरू करू. पंप बंद, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गेज शून्यावर. इथेच बरेच जण कव्हरला हात घालतात. थांबा. गेजचं बारीक भोक गाळानं बुजलेलं असू शकतं, काटा शून्यावर आणि आत प्रेशर तसंच. ड्रेन उघडून डोळ्यांनी बघा, धार येऊन थांबली पाहिजे, नुसती आली नाही म्हणजे प्रेशर नाही असं नाही, ड्रेनही चोंदलेला असतो. केमिकल लाइन असेल तर नुसता चष्मा चालत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड हवी, हातमोजे हवेत, आणि कव्हरच्या समोर तोंड आणायचं नाही. मग कव्हर थोडंसं सैल करा, आटे धरलेले असू देत, आणि जरा वाट बघा. फुसफुस किंवा पाझर आला तर तो पूर्ण थांबेपर्यंत पुढे फिरवू नका.

हायपोवाल्यांसाठी वेगळा इशारा. सोडियम हायपोक्लोराइट दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे कोंडून ठेवायचं नसतं. ते हळूहळू विघटित होतं, ऑक्सिजन सुटतो, जायला जागा नसते आणि प्रेशर चढत जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून "जेवून येतो मग उघडतो" हे या लाइनवर चालत नाही, व्हॉल्व्ह बंद केलेत की लगेच ड्रेन करा, पाण्यानं धुवा, आणि काम नंतर करायचं असेल तर ड्रेन उघडाच राहू दे.

कव्हर हलतच नसेल तर बहुतेक वेळा कारण आट्यांत सुकलेलं मीठ असतं. कोमट पाणी ओतत राहा, फडकं ओलं करून गुंडाळून ठेवा, थोड्या वेळानं पट्ट्याच्या पान्यानं फिरवा. पाइप पाना नको, चेन पाना नको, छिन्नी-हातोडा तर बोलूच नका. पान्याच्या दातांनी कव्हरवर जी खरवड पडते ना, पुढची चीर नेमकी तिथूनच सुरू होते.

कव्हर निघालं. ओ-रिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीनं काढा, स्क्रू-ड्रायव्हरनं नाही, कारण खाचेत एक ओरखडा पडला की ती गळती कुठल्याही नव्या रिंगनं जात नाही. रिंग बोटांत धरून हळूहळू फिरवून बघा. एका बाजूनं चपटी झाली असेल, म्हणजे गोल न राहता चौकोनी लागत असेल, तर तिचा जीव गेला, नवी घाला. फुगून खाचेत मावत नसेल तर मटेरियल चुकलंय किंवा कोणीतरी मशीनचं ग्रीस चोपडलंय. ईपीडीएम पेट्रोलियम ग्रीसनं फुगते, व्हॅसलिननंसुद्धा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे, तोही आधी त्या केमिकलला चालतो का बघून. खाच पुसा आणि नखानं पूर्ण गोल फिरवून बघा, वाळूचा एक कण डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागतो. आट्यांतलाही गाळ काढा.

आता लावणं, आणि हा भाग कोणी शिकवत नाही. आधी जाळी तिच्या बैठकीत नीट बसली का बघा, जरा तिरकी असली की कव्हर पूर्ण बसत नाही आणि मग माणूस जोर लावायला लागतो. त्यावर उपाय असा: नव्या स्ट्रेनरवर एकदा ओ-रिंग न घालता, जाळी नीट बसवून, कव्हर हातानं शेवटपर्यंत फिरवा आणि जिथे थांबतं तिथे बॉडीवर आणि कव्हरवर मार्करनं एक सलग रेघ ओढा. मग रिंग घालून लावा. रेघ रेघेच्या जवळपास आली म्हणजे सगळं जागेवर आहे. अर्धा फेरा आधीच अडकलं तर आत काहीतरी तिरकं आहे, परत काढा. पुढे दर साफसफाईला ही रेघ कामाला येते, आणि नवा हेल्परसुद्धा चुकत नाही.

दुसरं म्हणजे आटे पकडायची पद्धत. कव्हर ठेवून लगेच आवळायच्या दिशेनं फिरवू नका. आधी उलटं फिरवा, हलकं दाबून, एका जागी 'टक्' करून किंचित खाली बसल्यासारखं लागतं, तिथून सुलटं फिरवा. असं केलं की आटे वाकडे चढत नाहीत. प्लास्टिकचे आटे एकदा मेले की मेले, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून जिवंत होत नाहीत.

आणि हातानं जेवढं आवळलं जातं तेवढंच. ओ-रिंग दाबली गेली की ती सील करते, आतलं प्रेशर तिला उलट फटीकडे ढकलून अजून घट्ट बसवतं, त्यामुळे कव्हर पूर्ण बसल्यावर दिलेला जास्तीचा फेरा रिंगला मिळत नाही, तो सगळा आट्यांना आणि बॉडीला जातो. हातानं आवळलेलं कव्हर गळत असेल तर कारण कण, ओरखडा, चपटी रिंग किंवा तिरकी जाळी यातलं एक आहे. प्रेशर काढा, उघडा, शोधा. चालू लाइनवर कव्हर आवळणाऱ्याला मी सरळ बाजूला करतो, मग तो किती का सिनियर असेना.

टेस्ट पाण्यानंच, कॉम्प्रेसरच्या हवेनं कधीच नाही. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते आणि पीव्हीसी फुटलं तर त्याचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. व्हॉल्व्ह हळूहळू उघडून आधी हवा बाहेर काढा, मग प्रेशर चढवा, फटकन उघडलात तर वॉटर हॅमरचा, म्हणजे धावतं पाणी अचानक आदळल्याचा, दणका बसतो. नवीन लाइन आधी फ्लश करा आणि सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी जाळी काढून बघा, पाइप कापतानाचा भुसा सगळा तिथे सापडतो.

पुढचं सांभाळणं गेजवर सोपवा, कॅलेंडरवर नाही. जाळी स्वच्छ असताना दोन गेजमधला फरक लिहून ठेवा, नेहमीच्या फ्लोला. त्याच्यावर ०.३ ते ०.७ बार फरक वाढला की साफ करा, नाजूक प्लास्टिकच्या जाळीला खालचाच आकडा धरा. आणि साफ न करताच फरक अचानक कमी झाला तर खूश होऊ नका, जाळी फाटलेली असते आणि कचरा थेट पंपात चाललेला असतो.

धुताना पाण्याची धार बाहेरून आत मारा, कारण कचरा आतल्या बाजूला अडकलेला असतो. नायलॉनचा मऊ ब्रश, तारेचा नाही. थिनर, ॲसिटोन प्लास्टिकजवळ आणू नका. क्षार काढायला पातळ ॲसिड वापरणार असाल तर जाळी लाइनपासून लांब नेऊन, आणि हायपोची असेल तर आधी भरपूर पाण्यानं धुऊनच, हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. धुतल्यावर उजेडाकडे धरून बघा, भोकं सारखी दिसतात का.

पारदर्शक बॉडीचे स्ट्रेनर कचरा दिसतो म्हणून सगळ्यांना आवडतात, मलाही आवडतात, पण उन्हात नको. पिवळे पडतात, ठिसूळ होतात. जाळी काढलीच आहे तर बॉडी टॉर्चच्या उजेडात फिरवून बघा, आट्यांजवळ केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ती बॉडी भंगारात. वरून सोल्युशन चोपडून किंवा पट्टी गुंडाळून तिला परत लाइनवर चढवायचं नाही. स्पेअरला एक पूर्ण जाळी, दोन ओ-रिंगा आणि एक कव्हर ठेवा, रिंगा अंधारात आणि न ताणता, खिळ्याला टांगून नाही.