घरच्या मीडिया संगणकावर व्हिडिओ अडखळत असेल तर

व्हिडिओ धक्के देत चालू लागला की बहुतेक जण थेट ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विचार करतात. माझ्या मते ती सर्वांत शेवटची पायरी असावी. त्याआधी धक्क्यांची लय ओळखावी. चित्रपटाच्या शेवटी खालून वर सरकणारी नामावली किंवा कॅमेरा एखाद्या इमारतीवरून संथपणे फिरतो असे दृश्य निवडून तेच दोन-तीन वेळा पाहावे. धक्का दर वेळी त्याच जागी बसत असेल, तर दोष फाइलमध्ये किंवा तिच्या डीकोडिंगमध्ये, म्हणजे दाबून साठवलेली चित्रे पुन्हा उलगडण्याच्या कामात, असतो. दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल, तर नेटवर्क, तापमान किंवा पार्श्वभूमीला चाललेले एखादे काम तपासावे. आणि अक्षरे सतत, एकसारखी थरथरत असतील, तर रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो त्या वेगाचा, व्हिडिओशी मेळ बसलेला नाही, असे समजावे.

हा शेवटचा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्याचा संगणकाच्या ताकदीशी काहीही संबंध नसतो. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम्सचे (स्थिर चित्रांचे) असतात, तर टीव्हीला जोडलेला संगणक बहुधा ६० हर्ट्‌झवर चालत असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे एक फ्रेम दोन वेळा, पुढची तीन वेळा, अशी दाखवावी लागते. म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद आणि दुसरी ५० मिलिसेकंद पडद्यावर राहते. हाणामारीच्या दृश्यात हे जाणवत नाही, पण संथ दृश्यात डोळ्यांना खुपते. कोडी (Kodi) हे व्हिडिओ चालवण्याचे सॉफ्टवेअर वापरत असल्यास सेटिंग्जमधील प्लेअर विभागात, व्हिडिओखाली, रिफ्रेश रेट जुळवून घेण्याचा पर्याय असतो. तो व्हिडिओ सुरू होताना आणि थांबताना लागू होईल असा ठेवावा. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी ५० हर्ट्‌झ योग्य ठरतो.

इथे एक बारकावा आहे, ज्याने माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या. रिफ्रेश रेट २४ वर नेऊनही एक हलकासा धक्का उरलाच होता. शेवटी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा तो साधारण ४२ सेकंदांनी एकदा येत असल्याचे दिसले. फाइल प्रत्यक्षात २३.९७६ फ्रेम्सची होती आणि पडदा नेमक्या २४ वर होता, त्यामुळे तेवढ्या वेळात बरोबर एका फ्रेमची तूट पडत होती. डिस्प्लेच्या यादीत २३.९७६ हा वेगळा पर्याय होता, काही ठिकाणी तो नुसता २३ असा दिसतो. तो निवडताच धक्का गेला.

धक्के अनियमित असतील, तर डीकोडिंग कोण करत आहे ते पाहावे. कोडीमध्ये व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरील ओ हे अक्षर दाबल्यास डीकोडरची माहिती दिसते. एमपीव्ही (mpv) या दुसऱ्या व्हिडिओ प्लेअरमध्ये त्यासाठी आय दाबावे, तिथे गळालेल्या फ्रेम्सचा आकडाही मिळतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) पानावर व्हिडिओ डीकोडचा आलेख सपाट आणि प्रोसेसर मात्र पूर्ण भरलेला दिसला, तर सगळा भार प्रोसेसरवर पडत आहे हे उघड आहे. अशा वेळी आधी हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून होणारे डीकोडिंग, चालू आहे का ते पाहावे आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा. तरीही फरक पडला नाही, तर चिपच फाइलमधील व्हिडिओ दाबण्याचा प्रकार (कोडेक) ओळखत नसण्याची शक्यता असते. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी या कोडेकच्या १०-बिट (अधिक रंगछटांच्या) प्रकाराचे पूर्ण हार्डवेअर डीकोडिंग सातव्या पिढीपासून आणि एव्ही-वन या कोडेकचे अकराव्या पिढीपासून आले. एच.२६४ या कोडेकचा १०-बिट प्रकार मात्र बहुतेक ग्राफिक्स चिप्सना जमत नाही, त्यामुळे तिथे प्रोसेसरच दमदार हवा, किंवा फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यावी.

फाइल नेटवर्कवरून येत असेल, तर ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून चालवून पाहावी. धक्के थांबले तर प्रश्न वाटेतला आहे. फोरके ब्लू-रेवरून जशीच्या तशी घेतलेली फाइल अधूनमधून सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जाते, आणि १०० मेगाबिटचे पोर्ट तिथेच कमी पडते. गिगाबिट पोर्ट असूनही वेग १०० च दिसत असेल, तर केबल बदलावी, कारण गिगाबिटसाठी तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० मेगाबिट मात्र दोन जोड्यांवर निभावते. वायफायच वापरायचे असेल, तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा.

पहिला अर्धा तास सुरळीत आणि नंतर धक्के, असे होत असेल, तर संगणक तापून स्वतःचा वेग कमी करत असण्याची शक्यता अधिक आहे. टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाचे हे नेहमीचे दुखणे असते. कपाटाचे दार उघडे ठेवून तोच चित्रपट पुन्हा लावावा, आणि फरक पडला तर पंख्यावरची धूळ काढून संगणक मोकळ्या जागी हलवावा.